प्रोसेसर वर्षागणिक अधिक तापू लागतो तेव्हा : हनीवेल पीटीएम ७९५० थर्मल शीटचे परीक्षण

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर एकाएकी तापू लागला, तर कारण बहुधा लवकर हाती लागते. पंखा बंद पडलेला असतो, कूलरचा एखादा स्क्रू ढिला झालेला असतो किंवा पंपातून घरघर ऐकू येत असते. खरी पंचाईत होते ती हळूहळू चढत जाणाऱ्या तापमानाने. नवा असताना पूर्ण भाराखाली सत्तरीत राहणारा प्रोसेसर काही काळाने त्याच कामाला पंच्याऐंशी अंशांवर जातो, पंखे पूर्वीपेक्षा लवकर घोंघावू लागतात, आणि मधल्या काळात आपण काहीच बदललेले नसते, निदान आपली तशी समजूत असते. अशा तक्रारीवर अलीकडे सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे जुनी थर्मल पेस्ट पुसून तिच्या जागी उष्णतेने वितळणारी शीट बसवणे, आणि या प्रकारात सर्वांत जास्त नाव निघते ते हनीवेल कंपनीच्या पीटीएम ७९५० या शीटचे. ती मी रोजच्या वापरातील संगणकावर बसवली आणि पुरेसा काळ वापरून मगच हे लिहितो आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : ही शीट एकाच आजारावरचे औषध आहे, पण त्या आजारावर माझ्या वापरात आलेल्या कोणत्याही पेस्टपेक्षा तिचा गुण जास्त टिकतो. त्यामुळे या परीक्षणाचा बराचसा भाग शीट विकत घेण्यापूर्वी करायच्या तपासणीवर खर्च झाला आहे.

प्रोसेसरच्या चिपवर धातूचे झाकण असते आणि त्या झाकणावर कूलरचा तळ दाबून बसवलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांवर बारीक खाचखळगे असतात, आणि त्यांत अडकलेली हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर केल्विन असते, तर हवेची जेमतेम ०.०२६. ती हवा हाकलून तिची जागा भरायची, एवढेच थर्मल पेस्टचे काम. पीटीएम ७९५० तेच काम करते, मात्र वेगळ्या वाटेने. ही पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची राखाडी शीट असते, तिच्या दोन्ही बाजूंना संरक्षक प्लास्टिक चिकटवलेले असते आणि खोलीच्या तापमानाला ती घट्ट राहते. साधारण ४५ अंश सेल्सिअसला तिच्यातला मेणासारखा घटक मऊ होतो, कूलरच्या दाबाखाली तो खाचखळग्यांत शिरतो, जास्तीचा भाग कडेने बाहेर पडतो आणि दोन्ही धातूंमध्ये अत्यंत पातळ थर उरतो. संगणक बंद केला की हा थर पुन्हा घट्ट होतो. उत्पादकाने जाहीर केलेली वाहकता ८.५ वॉट प्रति मीटर केल्विन आहे. हा आकडा पाहून कोणी भारावून जाण्याचे कारण नाही, कारण कितीतरी पेस्टच्या नळ्यांवर याहून मोठे आकडे छापलेले असतात. प्रत्यक्षात वाहकतेइतकेच महत्त्व थराच्या जाडीला आणि तो धातूला किती नीट भिडतो याला असते, आणि नळीवरचा आकडा त्याविषयी काहीच सांगत नाही.

पेस्ट काळाने का बिघडते, हे समजल्याशिवाय या शीटचे वेगळेपण लक्षात येत नाही. बहुतेक पेस्टमध्ये धातूंच्या ऑक्साइडची किंवा तशाच वाहक पदार्थाची भुकटी सिलिकॉन तेलात किंवा तत्सम द्रवात कालवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हा द्रव हळूहळू वेगळा होतो आणि मागे उरलेली भुकटी कोरडी पडते. दुसरी प्रक्रिया अधिक लबाड आहे. प्रोसेसर तापला की झाकण आणि कूलरचा तळ थोडे प्रसरण पावतात व किंचित वाकतात, थंड झाला की पूर्ववत होतात, आणि या प्रत्येक चक्रात मधली पेस्ट केसभर बाहेर ढकलली जाते. दिवसातून असंख्य वेळा होणाऱ्या या उघडझापीने पेस्ट जिथे सर्वांत जास्त हवी असते त्या मधल्या भागातूनच कडेला सरकते. पातळ पेस्ट लावायला सोपी असते आणि पहिल्या दिवशी आकडेही उत्तम देते, पण याच हालचालीला ती लवकर बळी पडते. नॉक्टुआसारखा उत्पादक आपल्या एनटी-एच१ पेस्टसाठी प्रोसेसरवर पाच वर्षांपर्यंतच्या वापराची मुदत सांगतो. म्हणजे पेस्ट ही मुदतीची वस्तू आहे, हे उत्पादकांनाही मान्य आहे.

मात्र ‘प्रोसेसर पूर्वीपेक्षा तापतो’ या वाक्याचा अर्थ ‘पेस्ट बिघडली आहे’ असा लगेच लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नुसत्या तापमानाच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यासोबत त्या क्षणी प्रोसेसर किती वॉट वीज घेत होता, खोलीचे तापमान किती होते आणि पंखे किती वेगाने फिरत होते, हे तिन्ही आकडे हवेत. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रामात तापमान, पॅकेज पॉवर (म्हणजे प्रोसेसर घेत असलेले वॉट) आणि पंख्यांचे फेरे एकाच पडद्यावर दिसतात, आणि खोलीसाठी भिंतीवरचा साधा तापमापक पुरतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, पंखे एका ठरावीक वेगावर बांधून टाकावेत, प्रोसेसरला पूर्ण भार देणाऱ्या सिनेबेंच आर२३ या प्रोग्रामाची दहा मिनिटांची चाचणी चालवावी आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांतले आकडे टिपावेत. मग प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून उरलेल्या अंशांना वॉटने भागावे. समजा, प्रोसेसर १२० वॉट घेत असताना तापमान ७४ आणि खोलीत २६ अंश असतील, तर ४८ भागिले १२० म्हणजे ०.४० अंश प्रति वॉट. पुढे उन्हाळ्यात तीच चाचणी ८० अंश दाखवील, पण खोलीत ३२ अंश असतील तर भागाकार पुन्हा ०.४० येईल. अशा वेळी यंत्रात काहीही बिघडलेले नसते, फक्त ऋतू बदललेला असतो. याउलट खोलीत २६ अंशच असताना आणि वॉटही तितकेच असताना ८६ अंश दिसले, तर भागाकार ०.५० होतो, आणि आता उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत कुठेतरी अडथळा वाढला आहे असे खात्रीने म्हणता येते. संगणक नवा असताना हा एक आकडा वहीत लिहून ठेवणारा माणूस पुढे पुष्कळ मनस्तापातून वाचतो.

भागाकार तोच राहिला आणि वॉट वाढलेले दिसले, तर कूलर, पेस्ट, शीट यांपैकी कशालाही हात लावण्याची गरज नसते. बायोस अद्ययावत केल्यावर मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्ज बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे. एएमडीच्या बाजूला प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह आणि इंटेलच्या बाजूला मल्टिकोअर एन्हान्समेंट यांसारखी सोय नकळत चालू झाली की प्रोसेसर जास्त वीज घेतो आणि अर्थातच जास्त तापतो. बायोस अद्ययावत करताना आपण हाताने ठरवलेला पंख्यांचा वेग पुसला जातो, तेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे होणारी अस्थिरता २०२४मध्ये उघड झाली, तेव्हा कंपनीने मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या, सुधारणा बायोसमार्फत दिल्या. अशा प्रोसेसरच्या मालकाने तर पेस्टचा विचार करण्याआधी बायोसची आवृत्ती पाहणे केव्हाही योग्य. काही वेळा कारण याहून साधे असते : पार्श्वभूमीला एखादा प्रोग्राम अडकून पडलेला असतो आणि काही काम नसतानाही प्रोसेसर चाळीस-पन्नास वॉट जाळत बसलेला असतो.

येथे एक उपप्रश्न आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील अशा बेतानेच बनवलेले आहेत. मिळेल तेवढी मोकळीक वापरून ते वेग वाढवतात आणि मर्यादेला टेकले की थांबतात. अशा प्रोसेसरवर कूलिंग ढासळले तरी तापमान ९५च दिसत राहते. घसरतात ते वॉट आणि त्यांबरोबर चाचणीचे गुण. त्यामुळे ‘माझे तापमान तर वाढलेले नाही’ असे समाधान त्यांच्या मालकांनी मानू नये. वरचा भागाकार मात्र इथेही तितकाच उपयोगी पडतो, कारण वॉट कमी झाले की तो आपोआप वाढतो.

भागाकार खरोखर वाढला असेल, तर अडथळा नेमका कुठे आहे हे शोधणे हा या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग आहे, आणि त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही. फक्त तापमानाचा आलेख नीट पाहावा लागतो. प्रोसेसर काही काळ निवांत ठेवून एकदम पूर्ण भार द्यावा. चिपपासून झाकणापर्यंत आणि झाकणापासून कूलरच्या तळापर्यंतच्या वाटेत साठवणुकीला फारसे वस्तुमान नसते, म्हणून त्या वाटेतला अडथळा पहिल्या एक-दोन सेकंदांतच उघडा पडतो : आलेख भिंत चढावी तसा सरळ वर जातो आणि मग जवळजवळ आडवा होतो. भार काढताच तो तितक्याच तडकाफडकी खाली कोसळतो. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धूळ साचली असेल, पंखा मंदावला असेल किंवा कॅबिनेटमध्ये ताजी हवा येत नसेल, तर पहिली उडी पूर्वीइतकीच राहते, पण नंतरची अनेक मिनिटे तापमान मुंगीच्या पावलाने चढतच जाते, कारण आता हीटसिंकचे सगळे धातू-वस्तुमान तापत असते आणि त्याची उष्णता हवेत जाण्याचे नाव घेत नसते. भार काढल्यावरही ते सावकाशच उतरते. दुसऱ्या प्रकारचा आलेख दिसला तर कॅबिनेटची बाजूची झडप काढून चाचणी पुन्हा करावी. झडप काढल्याने तापमान लक्षणीय उतरले, तर दोष हवेच्या ये-जा करण्यात आहे आणि त्यावर ब्रश व हवेचा झोत हाच उपाय आहे. धूळ झटकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, हे जाता जाता सांगितले पाहिजे, कारण झोताने भरधाव फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग दुखावू शकते.

पाण्याच्या बंदिस्त कूलरची गोष्ट थोडी वेगळी. त्यातले द्रव वर्षानुवर्षे नळ्यांमधून अतिशय संथपणे झिरपून उडत असते, आणि तळातल्या बारीक खाचांत गाळ साचून प्रवाह मंदावतो. पंप थकला किंवा खाचा तुंबल्या की एक नळी चांगली गरम आणि दुसरी थंडगार लागते, कारण पाणी फिरतच नसते. प्रवाह सुरळीत असताना दोन्ही नळ्यांच्या तापमानातला फरक हाताला फारसा जाणवत नाही. अशा कूलरखाली जगातली उत्तमोत्तम शीट बसवली तरी फरक पडणार नाही.

माझ्या संगणकात रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर आणि दुहेरी पंख्यांचा हवेचा कूलर आहे. कागदावर १०५ वॉटचा म्हणवला जाणारा हा प्रोसेसर मदरबोर्डच्या मूळ सेटिंगवर १४२ वॉटपर्यंत वीज घेतो, आणि आठही कोअर एकाच लहानशा चिपवर असल्याने ही उष्णता जेमतेम ८० चौरस मिलिमीटर जागेतून बाहेर काढावी लागते. त्याची तापमानमर्यादा ९० अंश आहे. माझ्याकडचा आलेख पहिल्या प्रकारचा, म्हणजे एकदम उडी घेणारा होता. पट्ट्या साफ होत्या आणि झडप काढून काहीच फरक पडला नाही, तेव्हा संशयाला जागा उरली नाही. कूलर उघडल्यावर दिसलेले दृश्य पेस्ट कशी सरकते याचा धडाच होता. झाकणाच्या कडांवर पेस्टचा उंचवटा जमला होता आणि तो बोटाखाली खडूसारखा भुरभुरत होता. कडेपासून आत येता येता थर विरळ होत गेला होता, आणि चिप जिथे असते त्या भागावर, म्हणजे झाकणाच्या मध्यापासून किंचित एका बाजूला, धातूवर कोरलेली अक्षरे पेस्टमधून स्पष्ट वाचता येत होती. जिथून सगळी उष्णता निघते तिथेच मधला पदार्थ संपलेला होता.

शीट बसवण्याचे काम पेस्टपेक्षा अवघड आहे, आणि विक्रेते याची फारशी कल्पना देत नाहीत. प्रथम ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड घेऊन झाकण व कूलरचा तळ इतका स्वच्छ करावा लागतो की शेवटच्या पुसण्याला कापडावर काहीच उमटू नये. शीट प्लास्टिकसकट कात्रीने कापता येते. एएम-४ या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील खाचेत, बसणाऱ्या माझ्याकडच्यासारख्या प्रोसेसरचा पाया ४० मिलिमीटर चौरस असतो आणि झाकण त्याहून थोडे लहान, म्हणून तुकडा झाकणाएवढा किंवा कडेला अगदी किंचित कमी असा घ्यावा. मग तो हवाबंद पिशवीत घालून काही मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा. हे ऐकायला विचित्र वाटते, पण याखेरीज प्लास्टिक धड निघत नाही. गार झालेली शीट कडक होते आणि एका बाजूचे प्लास्टिक एका झटक्यात सुटते. खोलीच्या तापमानाला तेच करू गेल्यास प्लास्टिकबरोबर शीटचा कोपराही ओढला जातो, तो फाटतो किंवा त्याच्या चुण्या पडतात. पिशवी हवाबंद असावी ती शीटवर दव धरू नये म्हणून. उघडी बाजू झाकणावर टेकवून बोटाने हलकेच दाबत न्यावी, मिनिटभर थांबावे आणि मग वरचे प्लास्टिक एका कोपऱ्यातून अगदी आडवे, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर ओढत काढावे. एखाद्या कडेचा बारीक कपचा उडालाच, तर तो जागेवर ठेवून दाबून दिला तरी चालतो, कारण वितळल्यावर सगळे एकजीव होते. चिपच्या वरचा भाग मात्र अखंड हवा.

कूलर सरळ खाली उतरवून स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शीट दाबाखालीच पातळ होते, त्यामुळे ढिला कूलर इथे पेस्टपेक्षाही जास्त नडतो. इंटेलच्या मूळ कूलरसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या चार खुंट्या असतील तर त्या चारही मदरबोर्डच्या मागच्या बाजूला पूर्ण बाहेर येऊन बसल्या आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहावे. किंबहुना ‘हळूहळू तापू लागला’ म्हटल्या जाणाऱ्या अनेक साध्या संगणकांत यांपैकी एखादी खुंटी सुटलेली असते आणि ती परत बसवताच तक्रार संपते.

पहिल्या चाचणीचे आकडे पाहून कोणीही निराश होईल, आणि मीही झालो. शीट अजून जाड असते, पूर्ण वितळलेली नसते, आणि पहिल्या काही मिनिटांत ती जुन्या पेस्टपेक्षा फार बरी नाही असे वाटू शकते. पण चाचणी चालू ठेवली तर एक गमतीची गोष्ट दिसते. सामान्यतः भाराखाली वेळ जाईल तसे तापमान चढते, इथे मात्र वीज तेवढीच राहून ते अंशाअंशाने उतरू लागते. शीट वितळून पसरत असल्याचा हा पुरावा. मग पूर्ण थंड होऊ द्यावे, पुन्हा तापवावे, आणि रोजच्या वापरातल्या अशा काही फेऱ्यांनंतर आकडे स्थिरावतात. माझ्या संगणकावर ते स्थिरावले तेव्हा, तितकीच वीज आणि तितकेच पंखे ठेवून, बिघडलेल्या पेस्टपेक्षा तापमान दहा अंशांहून अधिक उतरले होते. यातला बराचसा वाटा कोणत्याही ताज्या पेस्टने मिळवून दिला असता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नव्या कोऱ्या चांगल्या पेस्टशी तुलना केली तर पहिल्या आठवड्यात या शीटची बढाई मारण्यासारखे काही नसते, दोन्ही जवळपास बरोबरीत असतात. शीटचे मोल कळते ते नंतर. पूर्वी पेस्टवर अंश प्रति वॉटचा तो भागाकार काही महिन्यांतच वर सरकू लागत असे, शीट बसवल्यापासून तो मोजमापाच्या चुकीच्या पलीकडे हललेला नाही. ज्यांची तक्रारच ‘काळाबरोबर तापमान वाढते’ ही आहे, त्यांना पहिल्या दिवशीच्या दोन-तीन अंशांपेक्षा ही स्थिरता जास्त हवी असते. लॅपटॉपमध्ये चिपवर झाकणच नसते, तिथे पेस्ट आणखी लवकर सरकते, आणि लेनोव्होसारख्या उत्पादकाने आपल्या लीजन मालिकेतील लॅपटॉपमध्ये हीच शीट वापरली आहे. त्यामागचे कारणही हेच असावे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी अशी की ही शीट पुन्हा वापरता येत नाही. पेस्ट चुकली तर पुसून परत लावता येते आणि नळीत पुढच्या वेळेपुरतीही उरते. इथे कूलर एकदा तापून गार झाल्यावर उचलला की तो तुकडा वाया गेला. वारंवार कूलर काढणाऱ्या, प्रोसेसर बदलून पाहणाऱ्या हौशी माणसाला ही शीट परवडणारी नाही. दुसरी तक्रार पाण्याचे मोठे कूलर वापरणाऱ्यांसाठी आहे. कूलर इतका सक्षम असेल की त्याचा तळ ४५ अंशांपर्यंत पोचतच नाही, तर शीट अर्धवट वितळून जाडच राहते आणि मग ‘एवढे नाव ऐकून घेतली आणि काही उपयोग नाही’ अशी ओरड होते. त्यावर तोडगा असा की सुरुवातीच्या काही चाचण्यांत रेडिएटरचे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीचे, पंखे मुद्दाम अगदी मंद ठेवावेत, प्रोसेसरच्या तापमानावर नजर ठेवून शीट एकदा नीट वितळू द्यावी आणि मगच पंखे मूळ वेगावर आणावेत. दिवसभर पत्रे टंकणे आणि हिशेब करणे एवढ्यावरच चालणारा, तीस-चाळीस वॉटच्या पलीकडे न जाणारा संगणक असेल तर मात्र शीटच्या वाटेला न जाता साधी, घट्टसर पेस्ट लावून मोकळे व्हावे.

तिसरी तक्रार उत्पादनापेक्षा बाजाराविषयी आहे. हनीवेल ही शीट मुख्यतः कारखान्यांना पुरवते. सामान्य ग्राहकाच्या हाती येतो तो कुणीतरी कापून पाकिटात भरलेला तुकडा, ज्यावर नाव छापलेले असतेच असे नाही आणि सूचनांचा कागद तर क्वचितच असतो. त्याच नावाने दुसरेच काहीतरी खपवणारे विक्रेते आहेत. बनावट शीट बहुधा रबरासारखी लवचिक असते आणि तापवल्यावर वितळतच नाही. शंका असल्यास बसवण्यापूर्वी कडेचा एक कपचा दोन धातूच्या पट्ट्यांत दाबून केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून पाहावा. तो पसरून पातळ झाला नाही, तर ते पाकीट परत करावे.

काही ठिकाणी ही शीट, आणि तसे पाहता कोणतीही पेस्ट, निरुपयोगी ठरते. इंटेलच्या २०१२मधील तिसऱ्या पिढीपासून आठव्या पिढीपर्यंतच्या नेहमीच्या डेस्कटॉप कोअर प्रोसेसरमध्ये चिप आणि झाकण डाखण्याऐवजी, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडण्याऐवजी, त्यांच्या मध्ये पेस्टच भरलेली होती. आय७ ७७००के किंवा ८७००के आज तापत असेल, तर बिघाड झाकणाच्या आत असू शकतो, आणि झाकणावर काहीही लावले तरी पहिल्या सेकंदाची ती उडी कमी होत नाही. तिथे झाकण उघडून आतली पेस्ट बदलणे हाच मार्ग उरतो, आणि तो धाडसाचा आहे. २०१८च्या नवव्या पिढीत ९९००केसारख्या प्रोसेसरपासून इंटेल पुन्हा डाखाकडे वळले. रायझनचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर डाखलेलेच असतात. बाराव्या पिढीसोबत २०२१मध्ये आलेल्या एलजीए १७०० सॉकेटची अडचण आणखी निराळी. लांबट प्रोसेसरला सॉकेटची पकड मधोमध दाबते, त्याने झाकण थोडे वाकते आणि कूलर सगळीकडे सारखा टेकत नाही. त्यासाठी पकडीच्या जागी बसवायच्या धातूच्या चौकटी मिळतात. माझे मत विचाराल तर अशा प्रोसेसरवर आधी चौकट आणि मग शीट हा क्रम ठेवावा.

पर्यायांपैकी द्रवरूप धातू आकड्यांत सरस आहे, पण तो वीजवाहक असल्याने एक थेंब भलतीकडे गेला तर मदरबोर्ड जातो, आणि त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरते. केवळ चार अंशांसाठी ही जोखीम मला मंजूर नाही. कार्बनच्या पट्ट्या कधीच सुकत नाहीत आणि काळजीपूर्वक काढल्यास परत वापरता येतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. मात्र त्याही वीजवाहक असतात, त्यामुळे त्यांची कडा झाकणाबाहेर डोकावणार नाही इतक्या काटेकोरपणे त्या कापाव्या लागतात. पीटीएम ७९५० वीजवाहक नाही. म्हणून एएम-५ सॉकेटच्या (रायझन ७०००सारख्या) प्रोसेसरच्या झाकणाच्या खाचांमध्ये उघडे असलेले बारीक कपॅसिटर पाहून जे धास्तावतात, त्यांनी शीटचा थोडा ओघळ तिकडे गेला तरी काळजी करू नये.

एएम-४ सॉकेटच्या मालकांनी मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला खालून पिना असतात आणि त्याला वरून धरून ठेवणारी पकड नसते. गार झालेली ही शीट झाकण आणि कूलर यांना पेस्टपेक्षा कितीतरी घट्ट धरून ठेवते, आणि अशा अवस्थेत कूलर सरळ वर ओढला तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून बाहेर येतो, पिना वाकतात किंवा तुटतात. म्हणून कूलर काढायचा असेल तेव्हा आधी प्रोसेसरला दहा-पंधरा मिनिटे भारी काम देऊन तापवावे, संगणक बंद करून वीज तोडावी आणि शीट मऊ आहे तोवरच स्क्रू सोडवून कूलर दोन्ही दिशांना थोडा थोडा पिळत, तो सैल झाल्याचे हाताला जाणवल्यावरच उचलावा. झाकणावर उरलेला थर गरम असतानाच कापडाने निघतो. गार झाल्यास प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून मग अल्कोहोल वापरावे, आणि धातूची पट्टी मात्र झाकणाजवळही आणू नये.